गिळलेलं वाक्य

शर्वरी आरवाडेनं वर्गाला विचारलेला प्रश्न अगदी किरकोळ होता. रविवारी काय केलंत, एवढाच. तो तिनं इंग्रजीत विचारला आणि ती हसऱ्या चेहऱ्यानं थांबली. वर्गही थांबला. काही मुलं बाकाकडे बघत होती, काही खिडकीतून बंदराकडे, आणि एकानं तर पेन्सिलीचं टोक असं न्याहाळायला घेतलं की उत्तर तिथंच कुठंतरी लिहिलेलं असावं.

शर्वरी मूळची मिरजेची. तिच्या घरी कुणी दोन घास न बोलता जेवलं, तर आई लगेच कपाळाला हात लावून ताप बघायची. शांतता म्हणजे काहीतरी बिनसलंय, ही समजूत तिच्या हाडीमाशी खिळलेली. ती थोडा वेळ थांबली आणि मग नेहमीसारखं उत्तराचं अर्धं वाक्य स्वतःच म्हणून मोकळी झाली. वर्गानं कृतज्ञतेनं माना डोलावल्या.

मागं भिंतीशी कुनिएदा बाई उभ्या होत्या. या शाळेत इंग्रजी शिकवण्यात त्यांचा सारा जन्म गेला होता आणि आता निवृत्ती तोंडावर आली होती. तास संपल्यावर त्या म्हणाल्या, "शर्वरी-सान, तुम्ही मदतीला फार लवकर धावता."

"पण बाई, कुणी बोलतच नव्हतं."

"हो, तेही खरंच," बाई म्हणाल्या आणि चहा आणायला गेल्या. वाद न घालता आपलं म्हणणं जागच्या जागी ठेवून जायची त्यांची ही रीत शर्वरीला एव्हाना ओळखीची झाली होती.

शिओमी हे जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरचं बंदराचं गाव. मासळी आटत गेली तशी तरुण मंडळी मोठ्या शहरांच्या वाटेला लागली होती. मग दूर समुद्रात तरंगत्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि गावाला पुन्हा धुगधुगी आली. त्या चक्क्यांवर दहा देशांची माणसं काम करायची आणि तिथली भाषा इंग्रजी. आता कुणी म्हणेल, कानात बसणारी भाषांतराची यंत्रं घरोघरी असताना इंग्रजी बोलायला शिकायचं कशाला? अडचण अशी की जपानी वाक्यात आपल्या मराठीसारखंच क्रियापद शेवटी येतं. दोर सोडायचा की धरायचा, हे वाक्य संपेपर्यंत यंत्रालाही कळत नाही. जेवणाच्या टेबलावर तेवढा उशीर चालतो. उंच मनोऱ्यावर वारा सुटलेला असताना त्या उशिरात माणूस जातो. म्हणून नियमच होता, की चक्कीवर काम करायचं तर इंग्रजी स्वतःच्या तोंडानं बोलता आलं पाहिजे.

आणि तिथंच घोडं अडलं होतं. ही मुलं इंग्रजीच्या लेखी परीक्षेत पैकीच्या पैकी मिळवायची आणि तोंडी परीक्षेत दगडासारखी बसायची. त्यावर इलाज म्हणून पुण्याच्या 'वाचासिद्धी' नावाच्या कंपनीनं शर्वरीला वर्षापूर्वी इथं पाठवलं होतं, सोबत एक खोकं भरून पट्ट्या देऊन.

पट्टीचं विज्ञान समजायला अवघड नाही. आपण बोलायच्या किंचित आधी मेंदूकडून जिभेला, ओठांना, जबड्याला विजेचे बारीक हुकूम सुटतात. आवाज काढायचा नाही असं ठरवलं, तरी ते सुटायचे ते सुटतातच. स्नायू जागच्या जागी इतके थोडे हलतात की समोरच्याला पत्ता लागत नाही. हनुवटीखाली चिकटणारी ही पट्टी ते हुकूम टिपते आणि त्यांवरून वाक्य जुळवते. मनातले विचार तिला वाचता येत नाहीत. तिला कळतं ते फक्त तोंडापर्यंत आलेलं वाक्य. पट्टी गुलाबट, मऊ आणि वळवळीत असल्यामुळे मुलांनी तिचं नाव मिमिझू ठेवलं होतं, म्हणजे गांडूळ. मुलांच्या चुका कुठं होतात हे बघण्यापुरताच आजवर तिचा उपयोग होता.

त्या दिवशी कुनिएदा बाई चहा आणायला गेल्या असताना शर्वरीनं पट्ट्यांनी टिपलेलं पडद्यावर उघडलं आणि बघतच राहिली. आजीबरोबर जाळं दुरुस्त केलं. आमच्या मांजरीला पिल्लं झाली. मी दिवसभर झोपलो होतो, पण हे सांगायचं कसं? सगळं इंग्रजीत, आणि बरंचसं बरोबर. पेन्सिलीचं टोक न्याहाळणाऱ्या मुलाकडे तर तीन वाक्यं तयार होती. अख्खा वर्ग बोलत होता. फक्त आवाज बाहेर येत नव्हता.

तिनं लगेच पुण्याला निरंजन वर्तकला फोन लावला. कंपनी त्याची. हुशार माणूस, पण धीर नावाची चीज त्याच्याकडे औषधालाही नव्हती.

"अगं, मग अडलंय कुठं?" तो म्हणाला. "वाक्य आहे, आवाज नाही. आवाज आपण देऊ. प्रत्येकाच्या आवाजाचा नमुना घे, पट्टीला छोटा स्पीकर बसवू. वाक्य तयार झालं की पट्टी त्याच्याच आवाजात म्हणून टाकेल."

शर्वरीला ही कल्पना एकदम पटली. कुनिएदा बाईंना तिनं उत्साहानं सांगितली तेव्हा त्यांनी कप दोन्ही हातांत धरून ठेवला. "बाहेर न येणारं वाक्य," त्या सावकाश म्हणाल्या, "कधी कधी मुद्दाम येत नाही."

"सुरुवातीला धक्का लागतो बाई. मग गाडी आपोआप चालायला लागते."

आणि गाडी चाललीही, अगदी सुसाट. नव्या पट्ट्या आल्या आणि पंधरवड्यात वर्गाचा कायापालट झाला. पहिल्या दिवशी आपलाच आवाज गळ्यातून ऐकून मुलं दचकली, दुसऱ्या दिवशी हसली आणि आठवड्याभरात प्रश्न संपायच्या आत उत्तरं येऊ लागली. मांजरीच्या पिल्लांची नावं कळली. झोपाळू मुलाला सगळ्यांनी चिडवून घेतलं. शर्वरी वर्गातून बाहेर पडायची ती गुणगुणत. शाळा सुटल्यावर आईचा फोन आला की तिला तासाची हकिकत सांगायला विषय मिळायचा.

आईनं मिरजेच्या दवाखान्यात सिस्टर म्हणून हयात घालवली होती. आता दुपारचं जेवण उरकलं की ती लेकीला फोन लावायची. सगळं ऐकून घ्यायची, शेजारपाजारचं सांगायची आणि शेवटी विचारायची, "बरं, मग येतीस कधी?" शर्वरी म्हणायची, "बघू." रोज तेच.

वर्गात सगळ्यात फुलली ती नागिसा ताकामिने. सतरा वर्षांची, उंच, खांदे किंचित पाडून बसणारी. गावातल्या गरम पाण्याच्या झऱ्यावर तिच्या घराण्याचं जुनं अतिथिगृह होतं. आई लहानपणीच वारलेली. वडील आणि ती असे दोघंच पाहुण्यांची उस्तवार करायचे. आजवर शाळेत तिचा आवाज हजेरीपुरता ऐकू यायचा. आता ती समुद्राबद्दल, वाऱ्याबद्दल, भोवऱ्यांबद्दल विचारायची, आणि विचारताना तिचे खांदे सरळ व्हायचे. शर्वरीचा तिच्यावर जीव जडला होता.

मग पालकांचा दिवस आला. जपानी शाळांत एक प्रथा आहे. वर्षातून काही वेळा आईवडील शाळेत येतात, वर्गाच्या मागच्या भिंतीशी ओळीनं उभे राहतात आणि चालू तास बघतात. कुणी बोलत नाही, बसत नाही. मुलं मान ताठ ठेवून पुढं बघतात आणि पाठीवर ती नजर झेलतात. या खेपेला त्या ओळीत प्रांताच्या शिक्षण खात्याचे ओकुमुरासुद्धा होते. पट्ट्या आवडल्या तर प्रांतातल्या सगळ्या शाळांत घ्यायच्या, असं ठरत होतं. निरंजननं सकाळपासून तीनदा फोन केला होता. काम मिळालं तर इथल्या शाखेची प्रमुख शर्वरी होणार आणि शिओमीत कायमची राहू शकणार होती. नाही मिळालं तर करार संपताच परत.

सगळं छान चाललं होतं. मांजरवाली बोलली, झोपाळू बोलला, मागं पालक कौतुकानं एकमेकांकडे बघत होते. शर्वरीनं नागिसाला विचारलं, "शाळा संपल्यावर काय करणार?"

या प्रश्नाचं उत्तर नागिसानं घोकून ठेवलं होतं. बाबांना मदत करीन, पाहुण्यांशी इंग्रजीत बोलेन. ती उभी राहिली, तोंड उघडायच्या बेतात थांबली, आणि तेवढ्या थांबण्यात पट्टी तिच्याच स्वच्छ आवाजात इंग्रजीतून बोलून गेली.

"मला ते घर चालवायचं नाही. मला समुद्रात चक्क्यांवर काम करायचंय. हे मी बाबांना कधीच सांगणार नाही."

नागिसाचा हात गळ्याकडे गेला, पण वाक्यं केव्हाच बाहेर पडली होती. मागं तिचे वडील ताकामिने उभे होते, काळ्या कोटात. परदेशी पाहुण्यांशी बोलण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे त्यांना एकूण एक शब्द कळला. ते हलले नाहीत. तास संपेपर्यंत इतर पालकांसारखेच उभे राहिले, शेवटी शर्वरीला रीतसर कमरेत वाकून नमस्कार केला आणि गेले.

ओकुमुरा मात्र खूश होते. "इतकं सलग, इतकं मनमोकळं इंग्रजी मी आमच्या मुलांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं," ते म्हणाले. पुढच्या महिन्यात एक रीतसर प्रात्यक्षिक झालं की सही करायची, असं सांगून ते निघाले. पुण्यात पेढे वाटले गेले.

दुसऱ्या दिवशी शर्वरीच्या टेबलावर एक रुमाल होता, नीट चौकोनी गाठ मारलेला. आत नागिसाची पट्टी. त्या दिवसापासून नागिसा वर्गात बोलेना. इंग्रजीत नाही आणि जपानीतही नाही. हजेरीला नुसता हात वर करायची. कुनिएदा बाईंनी चौकशी केली तेव्हा कळलं, की बापलेक पाहुण्यांना जेवण वाढतात, अंथरुणं घालतात, पण एकमेकांशी चकार शब्द बोलत नाहीत.

शर्वरीनं गावातल्या दुकानातून मिठाईचा खोका घेतला, इथं माफी मागायला जाताना नेतात तसा, आणि टेकडी चढून अतिथिगृहात गेली. ताकामिनेंनी तिला चटईवर बसवलं, स्वतः चहा केला. तिनं मस्तक टेकवून माफी मागितली. ते बराच वेळ गप्प राहिले. शर्वरीच्या जिभेवर दहा वाक्यं आली, पण त्या दिवशी तिला एकही म्हणवेना.

"माझ्या मुलीला समुद्र आवडतो, हे मला दिसत होतं," अखेर ते म्हणाले. "एक दिवस ती मला सांगेल असं वाटायचं. कदाचित सांगितलंही नसतं. पण तो दिवस तिचा होता. मीही त्या दिवसासाठी काहीतरी उत्तर शोधत होतो. तुमच्या यंत्रानं दोघांचंही काढून घेतलं."

ती टेकडी उतरत होती तोच आईचा फोन आला. मिरजेतली ऊन दुपार फोनमधून जाणवत होती. शेजारच्या घरी साखरपुडा होता, त्याचं वर्णन झालं. शेवटी नेहमीचा प्रश्न आला. "मग येतीस कधी?"

"बघू," शर्वरी म्हणाली.

वर्गात मुलांसारखीच तीही पट्टी लावायची. शाळेत परतल्यावर ती काढताना तिच्या ध्यानात आलं, की फोनवर बोलताना पट्टी गळ्यातच होती. स्पीकर बंद होता म्हणून निभावलं. सहज म्हणून तिनं स्वतःचीच नोंद उघडली. 'बघू'च्या अगोदर एक अख्खं वाक्य होतं. मी परत येणार नाही, आई, मला इथंच राहायचंय. फोन रोजचा, वाक्यही रोजचंच असणार. स्पीकर चालू असता तर गळ्यातून आईला ते ऐकू गेलं असतं, साखरपुड्याच्या गप्पांच्या शेपटाला लागून.

ते वाक्य आणि 'बघू' यांच्या मधे एक छोटी गाठ दिसत होती. घसा वर उचलला गेला होता, जिभेखालचा स्नायू क्षणभर आवळला होता. पाणी पिताना होतं तेच, फक्त पाणी नव्हतं. यंत्रानं तिथं शेरा मारला होता: थुंकी गिळली, दुर्लक्ष करावे.

शर्वरी त्या शेऱ्याकडे बघत राहिली आणि मग तिला एकदम उलगडा झाला. पट्टीचं सगळं शिक्षण पुण्यात झालेलं. नमुने द्यायला माणसं हवीत म्हटल्यावर निरंजननं सोपी युक्ती केली होती. वक्तृत्व स्पर्धांत ढाली मिळवलेली मुलं, लग्नाकार्यांतले आणि गणेशोत्सवातले निवेदक, अशी बोलकी मंडळी गोळा केली होती. हौसेनं आली, तासन्‌तास बोलली. त्यांच्यापैकी एकानंही तोंडावर आलेलं वाक्य कधी गिळलं नव्हतं. म्हणजे माणूस वाक्य गिळतो, हेच बिचाऱ्या यंत्राला कुणी शिकवलं नव्हतं.

तिनं कुनिएदा बाईंना सगळं सांगितलं, स्वतःच्या वाक्यासकट.

"मग आता त्याला गिळलेल्या वाक्यांचे नमुने पाहिजेत," शर्वरी म्हणाली. "भरपूर. मुलांच्या जुन्या नोंदी आहेत, पण त्यांना मी हात लावणार नाही. नव्या नमुन्यांतलेही शब्द पुसून टाकीन, नुसती गाठ ठेवीन. तरी कुणी द्यायला पाहिजेत."

"द्या इकडे," बाई पट्टीसाठी हात पुढं करत म्हणाल्या. "उद्या शिक्षकांची सभा आहे. मुख्याध्यापक बोलणार आहेत. तुम्हाला वर्षभर पुरतील एवढे नमुने मी एका दुपारी आणून देते."

शर्वरी किती दिवसांनी हसली. बाईंनी शब्द पाळला. मग इतर शिक्षक आले, मग मधल्या सुट्टीत मुलं येऊ लागली. एके दिवशी दारात नागिसा उभी राहिली.

"शब्द दिसतील?" तिनं विचारलं. इतक्या दिवसांत शर्वरीनं ऐकलेले तिचे हे पहिले शब्द.

"नाही. फक्त गाठ दिसते."

नागिसानं पट्टी लावली आणि खिडकीशी बसली. सुट्टी संपेपर्यंत ती बंदराकडे बघत होती, ओठ घट्ट मिटलेले. पडद्यावर एकामागून एक गाठी पडत गेल्या. शर्वरीनं पडदा भिंतीकडे वळवला आणि स्वतः वह्या तपासायला घेतल्या.

नव्या पट्टीला स्पीकर नव्हता. वाक्य तयार झालं आणि ते बरोबर असलं, तर जबड्याच्या हाडाशी एक हलकी टिचकी जाणवायची. एवढंच. म्हणजे बोललास तर हसं होणार नाही, पुढं तुझी मर्जी. माणसानं वाक्य गिळलं, की पट्टीही ते तिथल्या तिथं पुसून टाकायची.

निरंजन फोनवर उखडला. "शर्वरी, अगं, ते आवाजावर भाळलेत. तू आवाजच काढून टाकलास? प्रात्यक्षिकात मुलं गप्प बसली तर?"

"बसतील थोडा वेळ."

"मग काम गेलं समज. तुझं तिथं राहणंही गेलं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "निरंजन, चक्कीवर माणसाला आधी म्हणायचं असतं, दोर सोड. तोंडापर्यंत आल्यावर त्याच्या ध्यानात येतं, खाली कुणीतरी आहे. तो गिळतो. तुझी पट्टी बोलते. खालचा मेला. आपण हे विकायचं?"

पलीकडे निरंजनला पहिल्यांदाच शब्द सुचेनात. शर्वरीनं त्याला सुचवले नाहीत. फोन कानाला लावून ती नुसती उभी राहिली.

"नवीनच दाखव," तो शेवटी म्हणाला. "पण मला आत्ता काही विचारू नकोस."

प्रात्यक्षिकाच्या दिवशी ओकुमुरा पहिल्या बाकाशेजारी खुर्ची टाकून बसले. आज प्रश्न तेच विचारणार होते. शर्वरीनं त्यांना फक्त एक विनंती केली होती, विचारल्यावर थांबा. त्यांनी घसा खाकरला, चष्मा सारखा केला आणि इंग्रजीत वर्गाला विचारलं, "शाळा संपल्यावर काय करणार?"

याच प्रश्नानं मागं काय झालं होतं, त्यांना काय ठाऊक? वर्ग चिडीचूप झाला. शर्वरीच्या तोंडात मदतीचं अर्धं वाक्य तयार झालं आणि तिच्या जबड्याला टिचकी बसली. तिनं ते गिळलं. कुनिएदा बाई मागून बघत होत्या.

मग मुलांनी ते केलं, जे या देशातली मुलं नेहमी करतात आणि जे शर्वरी आजवर वेळकाढूपणा समजून थांबवत आली होती. ती शेजाऱ्याकडे वळली. कुजबुज सुरू झाली. मी हे म्हणू का, तू काय म्हणणार, आधी कोण? एकट्यानं पुढं जाणं त्यांना जमत नव्हतं. कुजबुजीत सगळ्यांची परवानगी मिळाली की जमत होतं. वर्गभर टिचक्या बसत असणार, कारण एकेक चेहरा उजळत होता. झोपाळू मुलगा उठला आणि म्हणाला, मी रात्रपाळीची नोकरी शोधणार, म्हणजे दिवसा झोपता येईल. ओकुमुरा हसले. मांजरवाली उठली. वाक्यं आखूड होती, अडखळत होती, पण ज्याची त्याच्या घशातून येत होती.

नागिसा शेजारणीशी काहीतरी बोलली आणि उठली. खूप वेळ उभी राहिली. ओकुमुरांनी शर्वरीकडे पाहिलं. ती हलली नाही.

"मी समुद्रात काम करणार," नागिसा इंग्रजीत म्हणाली. आवाज जाड होता, मधे फुटत होता, स्पीकरमधल्यासारखा स्वच्छ नव्हता. "बाबांना मी सांगितलं. पुन्हा. या वेळी मी सांगितलं. ते रागावलेत." ती थांबली आणि तिनं आवंढा गिळला. पुढचं वाक्य गिळते की काय, असं शर्वरीला वाटलं. "पण काल त्यांनी विचारलं, चक्कीवर आंघोळीला गरम पाणी मिळतं का."

मागं कुनिएदा बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. शर्वरीला आपण रडतोय हे उशिरा कळलं.

ओकुमुरांनी सगळ्या शाळांची गोष्ट पुन्हा काढली नाही. "पूर्वीपेक्षा बोलणं कमी झालं," ते दाराशी म्हणाले, "पण आज मला मुलं ऐकू आली." ठरलं ते तीन शाळांत, वर्षभर, शर्वरीच्या देखरेखीखाली. निरंजनची मोठी शाखा झाली नाही. शर्वरीचं राहणं मात्र झालं.

संध्याकाळ व्हायला अजून अवकाश होता. ती खोलीवर आली, पट्टी काढून टेबलावर ठेवली आणि त्या दिवशी फोन तिनंच लावला.

"आज तू कसा काय लावलास? बरी हायस नव्हं?" आईनं विचारलं.

"बरी आहे. आई, मी परत येणार नाही. मला इथं आवडतं. मला इथंच राहायचंय."

मिरजेत काहीच आवाज आला नाही. लांब कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. आई गप्प बसलेली शर्वरीनं कधी ऐकली नव्हती. दरवर्षी येईन, तू इकडं ये, रागावू नकोस, सगळी वाक्यं धावत जिभेवर आली. तिनं एकेक करून गिळली आणि थांबली. तो वेळ आईचा होता.

"कळलं होतं मला," आई म्हणाली. तिचा आवाज ओला होता. "पोरीच्या 'बघू'चा अर्थ आईला कळत नाही व्हय? रोज विचारत होते ते म्हणूनच. म्हटलं, एक दिवस कंटाळून तरी खरं सांगेल."

शर्वरीनं नाक ओढलं.

"आता रडू नको. हे बघ, पुढच्या वर्षी मी येणार तिकडं. त्या तुझ्या कुनिएदा बाई जेवायला बोलावणार, वाढत राहणार. जपानीत 'पुरे' कसं म्हणायचं ते सांग आधी."

शर्वरीनं डोळे पुसत सांगितलं. आईनं ते मोठ्यानं, साफ चुकीचं म्हटलं, आणि लगेच पुन्हा म्हटलं.